सरूबाईच्या डोक्यावरचा फ्लेक्स

मुर्धा गाव मागे पडलं, राई गाव लागलं, तेव्हा क्षितिजा पहिल्यांदा थांबली. एका पायावर उभं राहून तिने दुसऱ्या पायाचा तळवा वर करून बघितला. खडी रुतली होती. नखाने काढली, फेकली आणि परत चालायला लागली.

"अगं, माझ्या पिशवीत चपला आहेत," मी म्हटलं. "घाल थोडा वेळ. देवी काही रागवायची नाही."

"देवी नाही रागवणार काकू, आई रागवेल. नवस तिचा आहे, पाय फक्त माझे आहेत."

मी दरवर्षी नवरात्रात एक दिवस भाईंदरच्या नवघरहून उत्तनकडच्या धारावी देवीला चालत जाते. उजाडायच्या आत निघायचं, रुळांच्या खालून पश्चिमेला यायचं, मग उत्तनचा रस्ता धरायचा. यंदा समोरच्या घरातली क्षितिजा सोबत होती. परीक्षेत मार्क वाढले तर अनवाणी दर्शनाला येईन, असं तिची आई देवीला बोलली होती. मार्क वाढले, पण आईचे गुडघे धरले. म्हणून लेक निघाली.

मार्क वाढले तरी कॉलेज मिळालं नव्हतं. पहिल्या यादीत तिचं नाव थोडक्यात हुकलं. दुसरी यादी आज लागायची होती. ही मुलगी फोन घरी बाबांकडे ठेवून आली होती. मी विचारलं तर म्हणाली, "हातात असला की दर दोन पावलांनी बघेन. मग देवीकडे जातेय की यादीकडे, तेच कळणार नाही."

रस्त्याच्या कडेला मिठागरं होती. पाऊस नुकता सरलेला, त्यामुळे मीठ नाही, नुसतं पाणी. ती पुढे बघत चालत होती आणि मला तिचं गेलं वर्ष आठवत होतं.

क्षितिजाचे वडील दत्ताराम मूळचे रत्नागिरीकडचे. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करतात. मुलीने बारावीनंतर डॉक्टरकीची परीक्षा दिली. निकालाच्या दिवशी मोबाईलवर 'क्वालिफाइड' असा शब्द आला. दत्तारामभाऊंनी तो वाचला, पोरगी पास झाली असं ते समजले आणि तसेच पेढे आणायला गेले. त्यांना तरी काय म्हणायचं! आमच्याकडे सगळ्यांना असंच वाटतं. पोलीस भरतीत पास झाला तो पोलीस, बँकेच्या परीक्षेत पास झाली ती बँकेत, तशी डॉक्टरच्या परीक्षेत पास झाली ती डॉक्टर. क्वालिफाइड म्हणजे नुसती रांगेत उभं राहायची परवानगी, कॉलेज पुढे मार्कांवर मिळतं आणि तेवढे मार्क आपल्याला नाहीत, हे क्षितिजाने त्यांना सांगितलं तोवर पेढे चाळभर वाटून झाले होते.

पेढ्यांचं एक वेळ राहू दे, ते खाऊन संपतात. नाक्यावरच्या मंडळाने फ्लेक्स लावला. 'आमच्या विभागाची शान, डॉ. क्षितिजा दत्ताराम हिचे हार्दिक अभिनंदन.' वर तिचा दहावीतला फोटो, खाली मंडळाचे सगळे कार्यकर्ते, त्यातले दोघे मोबाईल कानाला लावून. मंडळाचा जितेंद्र चांगला मुलगा आहे. ती त्याच्याकडे फ्लेक्स उतरवायला सांगायला गेली, तेव्हा मी तिथे नारळ घेत होते.

"जितूदादा, मी डॉक्टर नाही झाले. साधं कॉलेजसुद्धा नाही मिळालेलं."

"अगं, आज ना उद्या होशीलच ना? आपण ॲडव्हान्समध्ये लावलाय असं समज."

"आणि नाही झाले तर?"

"तर तोपर्यंत दुसऱ्या कुणाचा वाढदिवस येईल, त्याचा लावू वरून. टेन्शन कशाला घेतेस?"

घरी दत्तारामभाऊंनी तिला एकच वर्ष दिलं. "वर्षभर बघ. नाही जमलं तर मिळेल ते शिकायचं, बीएस्सी म्हण, काय म्हण. मग मी ऐकायचा नाही." ती म्हणाली, "बाबा, जेवण तेवढं तुमचं. बाकी वर्ष माझं मी काढते." आणि आठवड्याच्या आत केबिन रोडवरच्या एका दवाखान्यात कामाला लागली.

काम म्हणजे नंबर लावायचे, नावं पुकारायची, डॉक्टर सांगतील त्या गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या, संध्याकाळी लादी पुसायची. सकाळी अभ्यासिकेत बसायचं, दुपारपासून दवाखाना. काउंटरच्या खाली जीवशास्त्राचं पुस्तक उघडं ठेवलेलं असायचं. पेशंट आला की गुडघ्याने आत ढकलायची. मारवाडी बायकांशी हिंदीत, गुजराती आजोबांशी मोडक्या गुजरातीत, आमच्याशी मराठीत, "जेवल्यावर घ्यायची, उपाशीपोटी नाही" हे एकच वाक्य ती दिवसभर फिरवायची. पहिल्या पगारातून तिने ऑनलाइन सराव परीक्षा लावल्या आणि आईला गुडघ्याचा पट्टा आणला.

लोक टोमणे मारायचे. नळावर एकजण म्हणालीच, "काय डॉक्टरीणबाई, स्वतःचा दवाखाना कधी? का दुसऱ्याच्या दवाखान्यात लादीच पुसणार?" क्षितिजा हंडा उचलत म्हणाली, "लादी पुसताना पण शिकायला मिळतं मावशी. तुमच्याकडची कधी पुसायची असेल तर सांगा."

पावसात एकदा वारा सुटला आणि तो फ्लेक्स एका बाजूने लोंबायला लागला. नाक्यावर सुकट-बोंबील विकायला बसणाऱ्या सरूबाईने तो उतरवून घेतला आणि आपल्या बसायच्या जागेवर छप्पर म्हणून बांधला. सरूबाई नवघर गावातली जुनी. तिच्यासारख्या बायका फ्लेक्स वाया जाऊ देत नाहीत. पण बांधताना तिने फोटोची बाजू रस्त्याकडे उतरती ठेवली, मुद्दाम. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझी डाक्टर माझ्यावर सावली धरून हाय बघ." क्षितिजाला दवाखान्यात जाताना रोज त्याच रस्त्याने जावं लागायचं. रोज स्वतःचा चेहरा बोंबलांच्या वर.

मग सरूबाईच्या पायाला काहीतरी लागलं. काय लागलं ते तिलाच माहीत नव्हतं. "कळलाच न्हाय गो, दुखलाच न्हाय," असं ती हसत सांगायची. तिला साखरेचा आजार होता. बोटाला हळद लावून चिंधी बांधलेली, आणि चिंधीवर माश्या. क्षितिजाने ते बघितलं आणि तिथेच उकिडवी बसली.

"सरूआजी, आज संध्याकाळी दवाखान्यात या. डॉक्टरांना दाखवू."

"मी कशाला रांगेत बसू? तू दे की पुडी. पांढरी दे, पिवळी दे, कुठली बी दे."

"मी नाही देऊ शकत. मी डॉक्टर नाहीये."

"बोर्ड खोटा हाय काय?"

"हो. खोटा आहे."

"मंग त्याच्यावर एवढी मानसा दात काढून हसतात, ती काय येडी हायत?"

क्षितिजाने मला नंतर सांगितलं, "काकू, गोळ्या माझ्या हाताशीच असतात. एक पुडी दिली असती तर त्या खूष झाल्या असत्या आणि आठवडाभर माझं नाव काढलं असतं. आणि पाय आतून सडत गेला असता." तिने पुडी दिली नाही. सरूबाई रुसली. आल्यागेल्याला सांगायला लागली, "डाक्टर काय झाली, लगेच माज आलाय. गरिबाला पुडी द्याला हात कापतो." क्षितिजा रोज जाता-येता विचारायची, आजी, चलता का? सरूबाई रोज तोंड फिरवायची.

एका रविवारी सकाळी मी सुकट घ्यायला गेले, तर ही मुलगी सरूबाईच्या रिकाम्या खोक्यावर चढलेली. हातात ब्रश आणि चाळीच्या पाइपांना लावून उरलेला काळा ऑइलपेंट. फ्लेक्सवर तिच्या नावाच्या आधी जे 'डॉ.' होतं, त्यावर ती रंग मारत होती.

"अगो ए! माझा छप्पर! माझा बोंबील खराब करशील!" सरूबाई ओरडत होती. रंगाचा एक ओघळ खरंच खाली टोपलीत पडला. रस्त्यावरची माणसं थांबली. जितेंद्र धावत आला, "अगं, मंडळाचा फ्लेक्स आहे तो!"

"फोटो माझा आहे ना दादा?" असं म्हणून तिने दुसरा हात मारला आणि खाली उतरली. "सरूआजी, आता वाचा."

"मना कुठं वाचता येतंय?" सरूबाई म्हणाली.

सगळे हसले. क्षितिजाचा चेहरा पडला. इतके दिवस ज्या एका अक्षराशी ती भांडत होती, ते सरूबाईने कधी वाचलंच नव्हतं. लोकांनी वाचून दाखवलं, तिने ऐकलं, आणि खरं मानलं. क्षितिजाने ब्रश खोक्यावर ठेवला. मग माझ्याकडे वळली.

"काकू, तुम्ही वाचा. मोठ्याने."

मी वाचलं, "क्षितिजा दत्ताराम हिचे हार्दिक अभिनंदन."

"डाक्टर कुठं गेला?" सरूबाईने मला विचारलं.

"नाही लिहिलेलं," मी म्हटलं. "नुसतं क्षितिजा आहे."

सरूबाई माझा शब्द मोडत नाही, आमची देवळातली ओळख आहे. तिने एकदा वर बघितलं, एकदा पोरीकडे. "म्हंजे तू डाक्टर न्हाय?"

"नाही आजी. दवाखान्यात नंबर लावते ती मी."

"मंग तसा सांगायचा ना पयल्यांदा." सरूबाई टोपलीवर फडकं टाकत म्हणाली, "लाव माझा नंबर."

डॉक्टरांनी पाय बघितला आणि त्याच दिवशी सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. क्षितिजा रिक्षातून सोबत गेली. अंगठ्याच्या बाजूचं बोट काढावं लागलं, पण पाय वाचला. घरी आल्यावर सरूबाई म्हणायची, "जन्मभर मासळी कापली, एक बोट मासळीनं परत घेतला. हिशेब झाला." पण क्षितिजा दिसली की टोपलीतून चांगले बोंबील वेगळे काढून ठेवायची. पुडी कधी मागितली नाही. कुणी दुसऱ्याने मागितली तर तीच अंगावर जायची, "ती डाक्टर न्हाय, दिसत न्हाय काय तुला? वर काला रंग हाय!"

त्यानंतर वर्ष कसं गेलं ते मी समोरच्या दारातून बघत होते. मे महिन्यात परीक्षा झाली, जूनमध्ये मार्क कळले. या वेळी दत्तारामभाऊंनी पेढ्यांच्या दुकानाकडे बघितलंही नाही. पहिली यादी लागली तेव्हा ते रात्री जेवले नाहीत, आणि क्षितिजा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली.

मोर्वा गावाच्या पुढे चढ लागतो. तिथे माझा फोन वाजला. नाव बघितलं, दत्तारामभाऊ. मी मनात देवीचं नाव घेतलं आणि फोन तिच्या हातात दिला. तिने स्पीकर लावला.

"क्षितू, आलं. नाव आलंय."

"बाबा, थांबा. काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाचा."

पलीकडे त्यांनी घसा साफ केला. एकेक अक्षर लावत वाचलं. तिचा नंबर, तिचं नाव, मग "अलॉटेड", मग कॉलेजचं नाव. सरकारी कॉलेज. विदर्भातलं, लांबचं.

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. तिने डोळे मिटले. ओठ हलले. मग विचारलं, "पेढे आणलेत?"

"नाही गं बाई. तू सांगितल्याशिवाय कसा आणेन? तुझी आई घरी रडते आहे नुसती, मी नाक्यावर आलोय."

मला हसूही येत होतं आणि रडूही. मी पदराने डोळे पुसत होते, तेवढ्यात फोनमध्ये दुसराच आवाज घुसला.

"ए पोरी! मी सरू! झालीस ना गो? जितू थिनर घेऊन आलाय. आताच्या आता तो काला रंग पुसून टाकतो बोर्डावरचा. तू येशीस तवर चकचकीत!"

"आजी, नको! हात लावू नका त्याला!"

"अगो आता तर खरा हाय ना!"

"आजी, अजून नाही! नुसतं कॉलेज मिळालंय..." पण सरूबाईने फोन कुणाला तरी देऊन टाकला होता, आणि तिकडे जितेंद्र कुणाला तरी खोका आणायला सांगत होता. मग फोन बंद झाला.

क्षितिजाने लगेच परत लावला. कुणी उचलेना. तिने फोन माझ्या हातात ठेवला आणि माझं मनगट धरलं. तिचे पाय धुळीने माखले होते, एका टाचेला रक्त आलं होतं, आणि एवढी आनंदाची बातमी ऐकूनही तिचा चेहरा त्या रविवारी खोक्यावर चढून रंग मारताना होता तसाच होता.

"काकू, मी दसऱ्यानंतर जाईन. साडेपाच वर्षं इथे नसेन. सरूआजी माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. तुम्ही लावत राहा फोन, आणि आज घरी गेल्यावर आधी त्यांच्याकडे जा. फ्लेक्स फाटला तर फाटू दे, उडून गेला तर जाऊ दे. पण मी शिकून परत येईपर्यंत तो काळा रंग कुणाला पुसू देऊ नका. एवढं करा माझ्यासाठी."