तिच्या कानातल्यांचे फोटो

माझी बायको मातीची कानातली बनवायची आणि मी त्यांचे फोटो काढायचो. नाशिकरोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावरच पांढऱ्या कापडाचा छोटा तंबू मांडलेला असे. दोन्ही बाजूंनी दिवे लावले की कापडातून मऊ उजेड आत यायचा आणि कानातल्यांची सावलीच पडायची नाही. मग ते फोटो ती ऑनलाइन विक्रीला टाकायची.

नंतर ती आजारी पडली आणि औषधांनी तिची बोटं बधिर झाली. आधी तयार होती तेवढीच कानातली उरली.

"ही आपल्याकडेच ठेवू," मी म्हणालो.

"डब्यात ठेवायला केली का मी? अहो, फोटो काढा. कुणीतरी घालू दे."

ती खुर्चीत बसून कसं ठेवायचं ते सांगत राहिली आणि मी फोटो काढत राहिलो. शेवटचा जोड निळा होता. तो विकला जाण्याआधीच ती गेली.

पुढे तो मनमाडच्या एका बाईंनी घेतला. काही दिवसांनी त्यांचा मेसेज आला, "माझ्या बहिणीलाही अगदी असाच जोड हवाय. करून द्याल का?"

मी लिहिलं, "ही कानातली माझी बायको बनवायची. ती आता नाही."

त्यांचं उत्तर आलं, "दादा, हा जोड तुम्हाला परत पाठवू का?"

"नको. तुम्ही घाला. तिची तीच इच्छा होती," असं मी लगेच कळवून टाकलं. नंतर दिवसभर वाटत राहिलं, त्यांना फोन करून हो म्हणावं. पण केला नाही.