बाबांची काळी स्क्रीन

बाबांच्या ऑफिसातले किस्से अडकलेल्या मेलसारखे आहेत. एक सुटला की मागचे धडाधड बाहेर!

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि तिथल्या उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलचे, म्हणजे बाबांच्या मिलचे, सेठजी म्हणाले, "अब चिट्ठी नहीं, ईमेल!" मेल सर्व्हर बाबांकडे आला. बाबा माऊसला हातही लावत नाहीत. काळ्या स्क्रीनवर भराभर कमांड टाइप करतात. पहिल्याच दिवशी हिशेबातले साहू भैया हळूच म्हणाले, "दादा, टीवी तो काला पड़ गया. बिजलीवाले को बुलाऊं?"

*

बाबांनी एक भारी स्क्रिप्ट लिहिली. मेल अडकली की ती आपोआप बाबांना कळवणार... मेल करून! एका दुपारी सगळं ठप्प, आणि बाबा निवांत. संध्याकाळी सर्व्हर पुन्हा सुरू केला, तेव्हा इशाऱ्यांची रांगच लागली. आई म्हणाली, "घराले आग लागली तं पोस्टकार्ड टाकान का?"

सेठजी मात्र हसले नाहीत. "एक बार और अटका, तो काम भोपालवाली कंपनी को!"

*

मग सेठजींनीच भाच्याच्या लग्नाचे फोटो सगळ्या डीलरांना पाठवले. इतके जड, की रांग तुंबली! मालाच्या ऑर्डरी मागे अडकल्या. बाबांनी देवाचं नाव घेतलं आणि एका कमांडने फोटोंची अख्खी वरात उडवली.

दुसऱ्या दिवशी सेठजींनी एकेका डीलरला फोन लावला. फोटो तर एकालाही मिळाले नव्हते! पण प्रत्येक जण म्हणाला, "वाह सेठजी, क्या जोड़ी है!"

*

विश्वकर्मा पूजेला मिलमधली सगळी मशीनं बंद असतात. सेठजींनी सर्व्हरही बंद करायला लावला. "ये भी तो मशीन है!" पंडितजींनी त्याला कुंकू लावलं, लाल धागा बांधला.

आरतीनंतर बाबांनी तो सुरू केला, तर एकही मेल जाईना! बाबा कमांडवर कमांड देत होते. सेठजी मागे उभे, हातात फोन. "साहू, भोपाल का नंबर निकाल."

मी आणि आई प्रसादाला आलो होतो. मोठ्यांमध्ये मी बोलत नाही. पण मला दिसलं, धागा नेटवर्कच्या केबललाही आवळून बांधला होता आणि केबल अर्धी बाहेर आली होती.

"बाबा," मी पुटपुटले, "तो धागा पाहा न."

बाबांनी हळूच केबल आत दाबली. खट्! स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. सगळ्या मेल सुटल्या!

सेठजींनी कुंकू लावलेल्या सर्व्हरला हात जोडले. "साहू, भोपालवालों को मना कर दे. उनको पूजा आती है क्या?"