काजलला आम्ही दिलेलं वय

आमच्या आश्रमशाळेत सगळी पोरं एक जूनला जन्मलेली. हसू नका, खरंच सांगते. वरच्या पाड्यांवरून आई पोराला घेऊन यायची, जन्माचा दाखला नाही, काही नाही. कधी झालं विचारलं तर म्हणायची, मोहाची फुलं पडत होती तेव्हा. आता मोहाची फुलं रजिस्टरात कुठल्या तारखेला लिहायची? मग गिरधर गुरुजी एक जून लिहायचे आणि वर्ष अंदाजानं टाकायचे. पहिलीला सहा पूर्ण लागतात, तेवढी भरली की झालं.

मी तिथली स्वयंपाकीण. माहेर-सासर दोन्ही खाली कळसाडीला. नवरा गेला तशी वर धडगावकडं ही नोकरी धरली, ती अजून चालू आहे. तोंडानं फटकळ आहे हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला कष्ट नकोत.

तर, काजलचा जन्म मला पक्का ठाऊक होता. शाळेच्या नव्या स्वयंपाकघराचं बांधकाम चाललेलं. तिची आई फुलीबाई तिथं वाळूची घमेली वाहायची, नऊ महिन्यांची पोटुशी. चौदा ऑगस्टचा दिवस. दुसऱ्या दिवशीच्या झेंड्यासाठी मी बुंदी पाडत होते, तर ही भिंत धरून मटकन खाली बसली. गाडी बोलवायची तर तेव्हा रस्ता कुठं होता? मी आणि पाड्यावरची एक म्हातारी, आम्हीच काय ते केलं. पिठाच्या पोत्यांमागे पोर झाली. माझ्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून आईच्या कुशीत दिली. तिसऱ्या दिवशी फुलीबाई पाड्यावर निघून गेली. जन्माची नोंद करायचं कुणाला सुचलं? मलाही नाही सुचलं, आग लागो माझ्या डोक्याला.

फुलीबाई आणि तिचा नवरा करमसिंग दिवाळी झाली की गुजरातला ऊसतोडीला जायचे. काजलच्या पाठचा एक मुलगा होता, रांगता. तो तिकडं फडावरच तापानं गेला. त्याच जूनमध्ये फुलीबाई काजलला घेऊन शाळेत आली आणि गुरुजींच्या टेबलाशी उभी राहिली. म्हणाली, हिला ठेवून घ्या, ही तरी जगू दे.

गुरुजी म्हणाले, "ही पाचाचीसुद्धा नाही. मी कशी घेऊ? नियम आहे."

मी पळी हातात घेऊनच तिथं गेले. गुरुजी लोणखेड्याचे, माझ्याशी आमच्या अहिराणीतच बोलायचे. "लिखा ना सहा! तुम्हना बापनं काय जास?"

"सिंधुबाई, खोटं लिखू?"

"अन् एक जून तरी कुठं खरं शे?"

गुरुजींना हसू फुटलं. काजलनं टेबलावरचा खडू उचलून तोंडात घातला होता, तो त्यांनी काढून घेतला आणि लिहिलं, सहा पूर्ण. पुढचे आठ दिवस मी शाळेत अशी मिरवत होते की काही विचारू नका. एक पोर वाचवली ना मी!

आणि पोरही तशीच निघाली. रांगेत सगळ्यांत बुटकी, पण पाढे म्हणायला पहिली. भिंतीवर सरकारनं आठवड्याच्या जेवणाचा तक्ता रंगवलेला आहे. तो तिला वाचता आला त्या दिवसापासून माझ्या मागे भुणभुण. "मावशी, आज अंडं लिहिलंय, अंडं कुठंय?" मी म्हणायचे, कोंबडीला विचार. पण दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांशी भांडून अंडी आणायचे. पुस्तकं, गणवेश, दप्तर, सगळं सरकारकडून मिळायचं. खोटं कशाला बोलू, ती शाळा होती म्हणून ही पोर होती. दर चौदा ऑगस्टला तिच्या ताटात मी मूठभर बुंदी जास्त टाकायचे आणि कानात सांगायचे, खरं वय हे, कागदावरचं ते वेगळं. ती मान हलवायची. आमचं दोघींचं गुपित होतं ते.

आरोग्य केंद्राची नर्स रक्त तपासायला यायची तेव्हा काजल तिच्या पाठीपाठी. लहानग्यांचे हात धरायची, बाटल्यांवर नावं लिहून द्यायची. नर्सनं एकदा तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप घातला तर ही दिवसभर माझ्या छातीचे ठोके मोजत बसली. तेव्हाच ठरलं, नर्सच व्हायचं. आमच्याकडं बारावीपर्यंत वर्ग आहेत. या वर्षी बारावी सायन्स पास झाली. नर्सिंगच्या फॉर्मची तयारी झाली, जातीचे दाखले जमवले. फी सरकार भरणार, वसतिगृहसुद्धा मिळणार होतं.

आणि मेच्या शेवटी ती माझ्या दारात आली. "मावशी, बाबांनी लग्न ठरवलंय. थांबव ना."

फुलीबाई गेल्या साली वारली. करमसिंग एकटा पडला. त्याला वाईट माणूस म्हणू नका, मी म्हणू देणार नाही. पोरगी मोठी झाली, आई नाही, आपण दिवाळीनंतर सहा महिने गुजरातेत. तिकडं कॉलेजात तिचं बरंवाईट झालं तर कोण बघणार, एवढंच त्याच्या डोक्यात. मुलगा चांगला होता, भूपेश नावाचा, पिकअप चालवायचा. आणि पालकसभेत बोट नाचवून मीच करमसिंगला बजावलं होतं, अठरा झाल्याशिवाय पोर द्यायची नाही, कायदा आहे! त्यानं तो ऐकला. एक जूनपर्यंत थांबला आणि पाच जूनचं लग्न धरलं.

बापाच्या तोंडावर नाही म्हणायची काजलची छाती नव्हती. आई गेल्यापासून तो जेवत नव्हता, ते तिनं पाहिलेलं. कायद्यानं नाही म्हटलं तर बापाचंही मन राहील, असं तिला वाटत होतं. मी सरळ मुलांच्या मदतीच्या नंबरला, एक-शून्य-नऊ-आठला फोन लावला. मग गुरुजींना लावला. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, दम्यानं पार खंगलेत. पण दुसऱ्या सकाळी पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून आले.

बालसंरक्षणाच्या मॅडम आणि ग्रामसेवक तीन जूनला पाड्यावर पोचले तेव्हा अंगणात मांडवाचे बांबू पडलेले होते. करमसिंगनं पिशवीतून काजलचं दहावीचं प्रमाणपत्र काढलं, दोन्ही हातांनी मॅडमना दिलं. मॅडमनी तारीख पाहिली. एक जून. परवाच अठरा पूर्ण.

"यात माझ्याकडून काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "कायद्यात दहावीचा कागदच आधी धरतात."

"तो कागद खोटा आहे!" मी ओरडले. "तिला सतरासुद्धा पूर्ण नाहीत! मीच लिहायला लावलं होतं!"

गुरुजी उभे राहिले. "मॅडम, वय मी वाढवून लिहिलं. माझं अक्षर आहे शाळेच्या रजिस्टरात. पुढं तेच दहावीच्या कागदावर गेलं."

मॅडमनी प्रमाणपत्र घडी करून करमसिंगला परत दिलं. बाई बरी होती, उगाच नावं ठेवणार नाही. म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही लेखी द्या. आणि मुलीनं स्वतः सांगू दे की वय कमी आहे. मग मी आत्ता लग्न थांबवते आणि तिला डॉक्टरी तपासणीला पाठवते. पण मग खोटी नोंद केली म्हणून तुमच्यावर गुन्हा दाखल होईल. कदाचित या बाईंवरही."

"करा," गुरुजी म्हणाले. "माझं काय राहिलंय आता." आणि त्यांना खोकल्याची उबळ आली, थांबेचना.

मी म्हटलं, "मलाही न्या. जन्मभर दुसऱ्यांना रांधलं, तुरुंगात आयतं तरी मिळेल."

काजल दारातच उभी होती. सगळं ऐकत होती. मॅडमनी तिला जवळ बोलावलं. "घाबरू नकोस. तू जे सांगशील ते मी लिहीन. तुझं खरं वय किती?"

काजल गुरुजींकडं बघत राहिली. ते बाजेवर वाकून बसले होते, करमसिंग त्यांची पाठ चोळत होता. मी डोळ्यांनी तिला खुणावत होते, बोल गं, बोल ना माझी माय.

"अठरा," ती म्हणाली.

"नक्की? कुणाचा दबाव आहे का?"

"नाही. एक जूनला पूर्ण झाली. गुरुजी म्हातारे झालेत, त्यांना नीट आठवत नाही. लग्न माझ्या मर्जीनं आहे."

मॅडमनी दोनदा विचारलं. तिनं दोनदा तेच सांगितलं. मग मॅडमनी लिहून घेतलं आणि काजलनं खाली सही केली. किती सुंदर सही करते पोरगी!

मी तिला हाताला धरून घरामागं ओढत नेलं. "भवाने, काय केलंस हे? मीच तुला वाचवायला आले होते ना?"

"मावशी, तू अन् गुरुजी कोर्टात फिरणार, अन् मी तिकडं नर्स होणार? मला शिकता आलं असतं का तसं?"

मी तिच्या थोबाडीत मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग तिला छातीशी धरून मी मोठ्यानं रडले, तीही रडली. पुढं अंगणात करमसिंग मॅडमना चहा घ्या, चहा घ्या म्हणून आग्रह करत होता.