काऊन सर आणि एक फालतू ओळ

संगणकाने काही सांगितलं की आमच्या ऑफिसात सगळे माना डोलवायचे. काऊन सर तेवढे त्याला उलट प्रश्न विचारायचे. चष्मा कपाळावर चढवून, शेजाऱ्याला हटकावं तसं ते स्क्रीनला म्हणायचे, "काऊन बे?" म्हणजे, का रे बाबा? त्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव हजेरीच्या यादीत होतं, ते तिथेच राहिलं.

चिखलीत बी-बियाण्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस. कारखान्यातली यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. सर उंद्रीहून एसटीने यायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये वायरमन म्हणून काढली होती, आणि चाळिशी उलटल्यावर मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकांवरून प्रोग्रॅमिंग शिकले होते. मी पुण्याला इंजिनिअर होऊन आलेलो. हा माणूस मला काय शिकवणार, असं मला पहिले चार दिवस वाटलं. पाचव्या दिवसापासून नाही वाटलं.

आमच्याकडे कोड तपासणारं एक सॉफ्टवेअर होतं. ते प्रोग्रॅम चालवून बघत नाही, नुसता वाचतं आणि जिथे शंका येईल तिथे इशारा देतं. त्यातले निम्मेअधिक इशारे खोटे. सर त्याला 'मास्तर' म्हणत. मी एकदा चिडून, इतके खोटे इशारे देणारं हे बंदच करून टाकू, म्हणालो. सर म्हणाले, "मास्तर हुशार हाये. पन तो वह्या तपासते, वर्गाबाहेर कधी गेलाच नाही. त्याले जेवढं दाखवलं तेवढंच तो पाह्यते."

नुसतं 'खोटा' म्हणून कोणताही इशारा सोडून द्यायची आम्हाला मुभा नव्हती. "खोटा हाये हे मले बी दिसते. काऊन खोटा हाये ते सांग!" मग सर प्रोग्रॅम अर्धा कापायचे. इशारा येतोच आहे? पुन्हा अर्धा. पाच हजार ओळींचा कोड कापत कापत ते दहाबारा ओळींवर आणायचे, आणि तेवढ्या ओळींत त्या खोट्या इशाऱ्याला लपायला जागाच उरायची नाही. हे बघताना मी जेवणाचा डबा उघडायचा विसरलेलो आहे. इतकी चिकाटी मी आयुष्यात दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

एका जिनिंगसाठी, रुई दाबून गाठी बांधणाऱ्या प्रेसचा प्रोग्रॅम माझ्याकडे आला. प्रेसच्या तोंडाशी सेन्सर होता. हात आडवा आला की प्रेस थांबलं पाहिजे. प्रेस सुरू होताना एकदा आणि खाली येत असताना पुन्हा, असं दोनदा मी ते तपासत होतो. मास्तरचा इशारा आला : दुसरी तपासणी फालतू आहे, मधल्या वेळात ही किंमत बदलतच नाही. मी वाचलं, पटलं, ओळ उडवली. एकही इशारा नसलेला अहवाल सरांपुढे ठेवला तेव्हा मला शाबासकीची अपेक्षा होती.

सरांनी अहवाल बाजूला ठेवला आणि उडवलेली ओळ परत आणून कापाकापी सुरू केली. दुपारपर्यंत अकरा ओळी उरल्या. कारण सापडलं. तपासायच्या फायलींच्या यादीत सेन्सरची फाइलच नव्हती. यादी मी केली होती. बाहेरून कुणी ती किंमत बदलू शकतं हे मास्तरला कळणार कुठून! "पुस्तकाचं पानच फाडून देल्लं तू त्याले," सर म्हणाले. ती फाइल दिल्याबरोबर इशारा गेला. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सर मला त्या जिनिंगवर घेऊन गेले. प्रेस चालवायला रशीदभाई होते. रुई अडकली की ते हातानेच आत ढकलायचे. वीस वर्षांची सवय. सरांनी आधी माझा तो, ओळ उडवलेला 'स्वच्छ' प्रोग्रॅम चढवला. प्रेस खाली येऊ लागलं तशी त्यांनी एक पऱ्हाटी, कपाशीची वाळकी काडी, आत घातली. कडकन आवाज झाला. रशीदभाई त्या तुकड्यांकडे बघत राहिले, आणि मी माझ्या बुटांकडे.

मग दुसरी तपासणी असलेला प्रोग्रॅम चढवला. पऱ्हाटी आत, प्रेस थांबलं. दहा वेळा, वीस वेळा. रशीदभाई खूश होऊन म्हणाले, "अब मैं हाथ डाल के देखूं क्या, साहेब?"

"थांबा रशीदभाई. पह्यले माहा." सरांनी बाही वर केली.

"सर, नको!" मी ओरडलोच.

सर वळले. "तपासलं ना तू?"

"हो."

"मंग?"

सरांनी बाही खाली घेतली. आवाज अजिबात न चढवता ते म्हणाले, "माहा हात घालाले तुले भेव वाटते. मंग रशीदभाईचा हात त्यात रोज कसा घालू देतो तू?"

प्रेस बंद करून आम्ही परतलो. आठ दिवस मी प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचली, सरांसारखीच कापून कापून. पुन्हा गेलो, तेव्हा हात मी घातला. प्रेस टीचभर अंतरावर थांबलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की सरांनी माझं दुसरं मनगट वळ उठतील इतकं घट्ट धरून ठेवलं होतं. या माणसालाही भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते मला आणखीच मोठे वाटले.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. मी उंद्रीला पोचलो तेव्हा अंगणात रशीदभाई आधीच येऊन बसले होते. ते उठले आणि त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मी खाली बघितलं. त्यांची दहाही बोटं जागेवर होती. मग मात्र मला रडू आवरलं नाही.