अडतीस जण हो म्हणाले

आमच्या गावात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर लिंबाच्या वड्यांचं ताट फिरतं, आणि शेवटची वडी कुणीच उचलत नाही. एकजण तिचा अर्धा तुकडा पाडून घेतो, दुसरा त्या अर्ध्यातला अर्धा, आणि शेवटी ताटात नखाएवढा चुरा उरतो. तो ताट धुणाऱ्या बाईच्या पदरी पडतो. या आमच्या भिडेपायी आर्लिस टॉलेफसनचं घर जाणार होतं. त्यात माझाही हात होता, म्हणून हे लिहायला बसलोय.

आर्लिसने लाकडाच्या गिरणीत सव्वीस वर्षं काढली. ओंडके उचलून रचणारं मोठं यंत्र ती चालवायची. पारा शून्याखाली तीसवर गेला तरी ती त्या केबिनमध्ये बसून ट्रकभर ओंडके असे रचायची की पुरुषांनी मान खाली घालावी. गिरणी बंद पडली तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. नवरा, डेल, त्याआधीच दोन वर्षं गेलेला. जोडी नावाची मुलगी मिनियापोलिसला. जोडीचं एकच पालुपद: आई, घर विकून टाक, माझ्याकडे ये, तळघरात तुझ्यासाठी खोली केलीय.

"रेनो, मी तिच्या तळघरात वॉशिंग मशीनशेजारी म्हातारी होणार नाही," आर्लिस मला म्हणाली. माझं तळ्याकाठी दुकान आहे. गळ, दोरे, जिवंत आमिष आणि फुकट कॉफी. कॉफीमुळे गावातलं सगळं आधी माझ्या कानावर येतं. "मी तिच्याकडून मुदत मागून घेतलीय. ईस्टरपर्यंत माझा स्वतःचा धंदा उभा राहिला तर मी इथेच. नाहीतर घर विकून जाते. शब्द दिलाय."

तेव्हापासून ती धंद्याच्या कल्पनेच्या मागे लागली. एक निळी वही केली. त्यात कल्पना लिहायची, गावभर फिरून लोकांना विचारायची, आणि जो 'हो' म्हणेल त्याचं नाव खाली मांडायची. वरवर पाहता यात चूक काय? गिऱ्हाइकाला विचारूनच धंदा करावा. पण गिऱ्हाईक आमच्या गावचं होतं, हे ती विसरली. जन्मापासून आमच्यातच राहिलेली बाई, तीही विसरली. गरज माणसाला असं करते.

पहिली कल्पना सूपची. जंगली तांदळाचं सूप आणि घरचा पाव, दुपारी, बंद गिरणीच्या रस्त्यावर. सगळे म्हणाले, वा, छान, आम्ही येणारच. मीही म्हणालो. त्या रस्त्याने आता कुत्रंही जात नव्हतं आणि आमच्यातला प्रत्येकजण सूप घरीच करतो. ऑक्टोबरात सुरू झालं, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत आटोपलं. मी दोनदा गेलो. दोनदाच.

मग मार्चमधल्या एका बुधवारी ती वही घेऊन माझ्या दुकानात आली. चेहरा फुललेला.

"सापडलं, रेनो! गोधड्या. बायका वरचं तुकड्यांचं काम हौसेने करतात, पण तीन थर एकत्र शिवायचं म्हणजे पाठीचा खुळखुळा. त्याचं मोठं यंत्र असतं. डुलुथला एकजण जुनं विकतोय. मी शिवून देईन. हे बघ, अडतीस जण हो म्हणालेत. अडतीस!"

"आणि यंत्र घेणार कशाच्या जोरावर?"

"डेलची गाडी विकतेय. शनिवारी सकाळी माणूस न्यायला येतोय."

डेलची गाडी म्हणजे मोठी पिकअप, पुढे दोर गुंडाळायचं चाक बसवलेली. मी वही पाहिली. अकरावं नाव माझ्या बायकोचं होतं, मेव्हिसचं. आणि मेव्हिस आदल्याच रात्री जेवताना म्हणाली होती, "माझी गोधडी दुसरीने शिवायची? मग ती माझी कशी? पण बिचारीला तोंडावर काय सांगणार!" बाकीच्या सदतीस जणांनी घरी जाऊन हेच म्हटलं असणार, हे मला शपथेवर सांगता आलं असतं.

"छान आहे," मी म्हणालो.

ती गेली. मी काउंटरमागे बसून स्वतःला शिव्या घातल्या. बुधवार गेला, गुरुवार गेला. मेव्हिसला म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, मी कशी सांगू, माझंच नाव आहे त्यात. पाद्रीबाईंना सुचवून पाहिलं. त्यांचं नाव चौथं निघालं. मला अन्न गोड लागेना. गाडी एकदा गेली की परत येणार नव्हती. यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडणार आणि ईस्टरला आर्लिस तळघरात. मला हे दिसत होतं, आणि माझी जीभ उचलत नव्हती.

शुक्रवारी सकाळी ती जाड दोर घ्यायला आली. तळ्यावर डेलचं खोपटं अजून उभं होतं. आम्ही हिवाळाभर गोठलेल्या तळ्यावर लाकडी खोपटी नेऊन ठेवतो, आत शेगडी पेटवून बर्फाच्या भोकातून मासे धरतो. सोमवारपर्यंत सगळी हटवायची असतात; राहिली तर वनखात्याचा माणूस दंड करतो, आणि बर्फ वितळला तर खोपटं तळाला जातं. गाडी शनिवारी जाणार म्हणून तिला ते आजच ओढून काढायचं होतं.

"बर्फ वाईट झालाय," मी म्हणालो.

"माहितीय. काय झालंय तुला? असा घामाघूम का?"

"आर्लिस, त्या अडतीसपैकी कुणीही यायचं नाही."

तिने दोर काउंटरवर ठेवला.

"मेव्हिस येणार नाही. पाद्रीबाई येणार नाहीत. आपली गोधडी कोण दुसऱ्याला देतंय इथे? भिडेखातर हो म्हणालेत सगळे. मीसुद्धा."

"आणि सूपच्या वेळी?"

"तेव्हाही."

"सहा महिने, रेनो. सहा महिने मी दारोदार फिरतेय. तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"हो."

"मग मेल्या, आज तरी कशाला तोंड उघडलंस!" तिने दोर खांद्यावर टाकला. दार इतक्या जोरात आपटलं की भिंतीवरचा भुसा भरलेला पाईक मासा तिरपा झाला.

मी तिच्यामागे निघालो. रागावलेल्या माणसाने मार्चच्या बर्फावर एकट्याने जाऊ नये.

किनाऱ्याजवळचा बर्फ करडा पडला होता, वर घोटाभर पाणी. आर्लिसने दोन्ही काचा खाली केल्या, पट्टा सोडला, दार अर्धवट उघडं धरलं आणि चालण्याच्या वेगाने गाडी आत घातली. बर्फावर आम्ही असेच जातो, वेळ आली तर बाहेर उडी मारता यावी म्हणून. मी मागून पायी गेलो, हातात लोखंडी पहार, दर चार पावलांवर बर्फ ठोकत. पाठीत कळ यायची. जानेवारीत मणक्याचं ऑपरेशन झालंय माझं.

तळ्यावर आठ-नऊ खोपटी उरली होती. सगळी म्हाताऱ्यांची. लांब, टोकाला, निळ्या दाराचं एक होतं, ते माझं. कुणी विचारलं की मी "होईल, होईल" म्हणायचो.

आर्लिसने डेलचं खोपटं कसं मोकळं केलं ते पाहण्यासारखं होतं. खालचे ठोकळे बर्फात रुतून बसलेले. तिने घाई केली नाही. चारी बाजूंनी चर खणला, जॅक लावून एक कोपरा बोटभर उचलला, फळी सरकवली, मग दुसरा कोपरा. सव्वीस वर्षं ओंडके रचलेल्या बाईला वजन कुठे झुकतंय हे हाताला कळतं. तासाभरात खोपटं गाडीमागून घसरत किनाऱ्याला लागलं.

घराकडे वळताना आम्हाला बर्फावर हार्लन दिसला. एकोणऐंशी वर्षांचा, शाळेची बस चालवायचा. आम्हा दोघांनाही त्यानेच शाळेत पोचवलेलं. आपल्या खोपट्याच्या पायाशी कुदळ मारत होता. तोंड जांभळं पडलेलं, टोपी पाण्यात.

आर्लिस धावली. "हार्लन, थांबा! खाली बसा आधी. मी काढते तुमचं."

"नको गं, नको. तुला कशाला त्रास."

"त्रास कसला?"

"राहू दे. होईल माझं सावकाश."

आता तिसऱ्यांदा आग्रह करायचा आणि मग त्याने हो म्हणायचं, अशी आमची रीत. पण आर्लिसचं डोकं त्या दिवशी रीतभात पाळण्याच्या अवस्थेत नव्हतं.

"मला आज कुणाचा शिष्टाचार ऐकायचा नाहीये," ती ओरडली. "हवंय की नको? एका शब्दात सांगा, नाहीतर मी चालले."

हार्लन कुदळीवर वाकून उभा राहिला. पायाखाली बर्फ लांबवर कण्हल्यासारखा वाजला. मला वाटलं, हा आता रडणार.

"हवंय," तो म्हणाला. आणि मग धरण फुटावं तसा बोलायला लागला. "आठवडा झाला रोज येतोय. झोप लागत नाही. मुलगा सिएटलला, त्याला काय सांगू? पोरी, फुकट नको हं. पैसे घेणार असशील तरच हात लाव. आणि डिसेंबरात परत आणून ठेवशील का? तेही आता होत नाही माझ्याच्याने. नाहीतर हे शेवटचंच वर्ष, मी विकणार होतो."

आर्लिसने मान वळवून तळ्यावरचं एकेक खोपटं पाहिलं. किती वेळ पाहत होती!

हार्लनचं खोपटं जड होतं, आत लोखंडी शेगडी. अर्ध्या वाटेत बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडीच्या मागच्या चाकांपाशी पाणी उसळलं. हार्लनने माझा दंड धरला. मी ओरडलो, "उडी मार! सोड ती गाडी!" ती उतरली नाही. वेग वाढवलाही नाही, थांबलीही नाही. उघड्या दारातून खाली वाकून चाकाकडे बघत, तशीच गोगलगायीच्या गतीने पुढे आली. पाणी चाकाच्या निम्म्यावर आलं, मग उतरलं. खडीचा आवाज आला तेव्हा कुठे हार्लनने माझा दंड सोडला.

हार्लन घरी गेला. आर्लिस गाडीच्या मागच्या फळीवर बसली. तिने निळी वही काढली. अडतीस नावांचं पान उलटलं.

"आता यात फक्त स्वतःहून मागणारे," ती म्हणाली, आणि लिहिलं: हार्लन. मग वर पाहिलं. राग अजून डोळ्यांत होता. "तुझं काढून झालं असेल ना, रेनो?"

'होईल' हा शब्द माझ्या ओठांवर आला. अठ्ठावन्न वर्षं तो तिथेच राहतोय. टोकाला, जिथे बर्फ सगळ्यात काळा पडला होता, माझं निळं दार दिसत होतं.

"नाही झालं," मी म्हणालो. "पाठ चालत नाही. मेव्हिसलाही सांगितलेलं नाही. मला भीती वाटतेय. काढून देशील? काय असतील ते पैसे घे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हलकंही वाटलं.

"खरं सांगतोयस? का भिडेखातर?"

"खरं."

तिने माझं नाव हार्लनच्या खाली लिहिलं. "उद्या सकाळी सातला. बर्फ कडक असेल तेव्हा." मग दातांनी हातमोजा ओढून काढला आणि फोन लावला.

"गाडी विकायची नाही," ती म्हणाली. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. तिने सगळं ऐकून घेतलं, तळ्याकडे बघत.

"नाही," आर्लिस म्हणाली. "नाही म्हणजे नाही."