साडूंची स्लोव्हेनियन

सोलापुरात स्लोव्हेनियन भाषेबाबत शेवटचा शब्द माझ्या साडूंचा असतो, कारण पहिलाही त्यांचाच असतो. मध्ये कुणी बोलत नाही. तरुणपणी ते कापडाच्या यंत्रांचं शिकायला त्या देशात गेले आणि व्याकरण शिकून परतले. त्यांच्यासमोर कुणी चुकून त्या देशाला ‘स्लोव्हाकिया’ म्हणालं, की असतील तिथे ते नकाशा काढतात. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी ताटात भाताचे आल्प्स रचले, आमटीचा समुद्र केला आणि वाढप्याला म्हणाले, "आता आमटी नको, बंदर बुडेल."

विद्यापीठात त्यांचा छोटा वर्ग होता. पाच-सहा जण यायचे आणि नामाला सहा विभक्त्या असतात हे कळलं, की जायचे. गेल्या वर्षी एकटी शबाना टिकली. शुक्रवार पेठेतली. नवरा त्याच देशात ट्रक चालवायचा आणि त्याच्याकडे जायचं तर तिला भाषेची परीक्षा द्यायची होती. कार्यालयातून निरोप आला, "सर, एकीवर वर्ग चालत न्हाय. दोन तरी पायजेत की."

साडू घरी आले आणि बायकोपुढे, म्हणजे माझ्या मेव्हणीपुढे, प्रवेशअर्ज ठेवला. ताई म्हणाल्या, "तीस वर्षं फुकट ऐकलं नाही, ते आता फी भरून ऐकू?" दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर बसल्या.

शबाना पास झाली. तिचा फोन आला, "सर, मैं पास हो गई!" साडूंनी तिला तेच स्लोव्हेनियनमध्ये म्हणायला लावलं, क्रियापद चुकलं म्हणून पुन्हा म्हणायला लावलं, मग फोन ठेवून रडले. ती गेली आणि वर्ग बंद झाला.

आता वर्ग दुपारी घरीच भरतो. विद्यार्थिनी एक. स्लोव्हेनियनमध्ये दोघांसाठी क्रियापदाचं वेगळं रूप असतं, आणि ताई रोज तिथेच अनेकवचन वापरतात. "अगं, आपण दोघंच आहोत!" साडू कळवळून सांगतात आणि पुन्हा पहिल्यापासून समजावतात. तेवढा तासभर त्यांचा आवाज पूर्वीसारखा खणखणीत लागतो.

परवा ते चष्मा शोधायला आत गेले, तेव्हा मी ताईंची वही चाळली. पानंच्या पानं भरलेली, एकही चूक नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"बोलू नका हं," त्या हळूच म्हणाल्या. "मला येतंय कळलं, तर शिकवायचं थांबतील."