मेंढरं मोजून दाखव

‘‘मेंढ्या मोजून दाखव ना,’’ मॅडम माइकवर म्हणाल्या आणि माझ्या हातात काठी दिली. खांद्यावर घोंगडं होतंच. स्टेजवर पुठ्ठ्याच्या मेंढ्या रांगेत उभ्या केलेल्या. सभागृह हसलं.

मी सांगोल्याकडची, धनगराची पोर. गणितात एमएस्सी केलं, सोलापुरात नवी पेठेजवळ क्लासमध्ये शिकवते. सर्वसामान्यांसाठीच्या गणिताच्या कार्यक्रमात अनंतावर, म्हणजे कधीच न संपणाऱ्या संख्यांवर बोलशील का, असा आयोजक मॅडमचा फोन आला तेव्हा मी हरखले. काय बोलणार तेही सांगून टाकलं. आमच्या घरी मेंढरं मोजत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. संध्याकाळी कळप परतला की कोकरं सोडायची. प्रत्येक कोकरू आपल्या आईला जाऊन लुचतं. एखादं ओरडत उरलं, तर त्याची आई रानात राहिली. न मोजता जोड्या लावायच्या. दोन अनंत समूहांची तुलनाही अशीच करतात.

‘‘किती गोड! घोंगडं घेऊन ये हं,’’ मॅडम म्हणाल्या.

कुणी फार गोड बोललं की मला संशयच येतो. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांनाही आला. ‘‘घोंगडं कशाला गं? तू गणित सांगायला चाललीस न्हवं?’’ तरी मी नेलं.

माझं भाषण कापलंय हे स्टेजवर गेल्यावर कळलं. भाषणं दोन प्राध्यापकांची. मी मधली गंमत.

‘‘आमच्यात मोजत नाहीत,’’ मी हळूच म्हणाले.

मॅडमनी माइकवर हात ठेवला. ‘‘अगं, नुसतं मोज. अनंत वगैरे या लोकांना जड जाईल.’’

या लोकांना. समोर कारखान्यातल्या बाया होत्या, रिक्षावाले होते, पोरंबाळं होती. तिसऱ्या रांगेत आबा. गणित तुमचंही आहे म्हणून बोलावलं, आणि दारातच अडवलं. माझं डोकं फिरलं.

काठी टेबलावर ठेवली. घोंगडंही. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या फळ्याजवळ जाऊन खडू घेतला. एकाला दोन, दोनाला चार, तिनाला सहा. सगळे आकडे एकीकडे, नुसते सम आकडे दुसरीकडे, आणि जोडीवाचून कुणीच उरत नाही, म्हणजे दोन्हीकडे सारखेच. माइक बंद झाला. माळावर हाका मारून तयार झालेला गळा आहे माझा. मी शेवटपर्यंत बोलले.

बाहेर आबांना विचारलं, कळलं का.

‘‘अर्धं कळलं. उरल्यालं परत सांग.’’

अजूनही बोलावणी येतात. मी आधीच विचारते, बोलायला बोलावताय की दाखवायला? समोरचा अडखळला की फोन ठेवते. जिथं जाते तिथं अवघड भाग गाळत नाही. माझ्या माणसांना काय जड जाईल, हे कुणी परस्पर ठरवायचं नाही. मीसुद्धा नाही.